हात कुणाचा हलला

प्रिय अनेने,

हे वाकडंतिकडं अक्षर कुणाचं म्हणून तू पाकीट दोनदा उलटून बघशील. माझंच आहे. मिशनच्या शाळेत बायकांचा वर्ग भरतो, तिथे दोन वर्षं जातेय. शिकवणारे मास्तर म्हणजे आमचेच हे, त्यामुळे चुकले की वर्गात बोलणी आणि घरी आल्यावर पुन्हा तीच. आजवर तुझ्याबरोबर एनुगूला रेल्वेत काम करणाऱ्या गावच्या माणसांच्या तोंडी निरोप धाडत आले. पण आजचं तिसऱ्याच्या तोंडी घालण्यासारखं नाही. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालू नकोस.

सगळे जिवंत आहेत, हे आधी सांगते. आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र अजून तशीच चालते. बाबांच्या डोळ्यांवर पडदा आलाय. उजव्याने उजेड कळतो, डाव्याने तेवढाही नाही.

बाबा कामाला निघायचे तो थाट तुला आठवत असेल. चार-चार दिवसांच्या वाटेवरून लोक त्यांना न्यायला यायचे. मानाची पदवी घ्यायची तर कपाळ कोरलेलं हवं, आणि कपाळ कोरावं ते आपल्या बाबांनी, इलोझुवेनेच, असं लोक म्हणायचे. सुऱ्यांची पिशवी दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. परत आले की त्या घरी काय मिळालं, यामचे कंद किती, ताडी कशी, हे आईने विचारायचं. ते मात्र एकच सांगायचे, हलला की नाही हलला. ‘डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही,’ असं म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. तेवढा मऊ तो आपल्यासाठी क्वचितच झाला. आणि कुणी कण्हला असेल तर त्या घरचं पाणीही न घेता यायचे. माझ्या हातावर उकळतं तेल सांडलं तेव्हा दिवसभर माझ्याजवळ बसून पानाने वारा घातला त्यांनी. पण मी रडले म्हणून माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मग मिशन आलं. कोऱ्या कपाळाची पोरं पदवीवाल्यांपुढून मान वर करून चालायला लागली. कामं वर्षाला दहाची दोन झाली. बाबा तरी प्रत्येक बाजाराच्या दिवशी सुऱ्यांना धार लावत बसायचे. तुला शाळेत घातलं तेही त्यांनीच. गोऱ्यांचे कागद घरात एकाला तरी वाचता यावेत म्हणून. शाळा डोक्याच्या आत जाईल आणि रेघा वर राहतील, दोन्ही नांदतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

तुझं कपाळ कोरायला घेतलं तो दिवस लिहू नये असं वाटतं, पण लिहावा लागेल. तू सोळाचा होतास आणि स्वतःहून तयार झाला होतास, हे कुणी आता बोलत नाही. तुझे पाय आईच्या मांडीवर होते. मी पाण्याचं भांडं धरून मागे उभी. दोन रेघा झाल्या, तिसरीला तू एकदम उठलास. डोळ्यांत रक्त, आणि तसाच पळालास. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘माझ्या हाताखाली हलतो तो माझा नव्हे.’ खरं सांगते, अनेने, मीही मनात तुला भित्रा म्हटलं. वर्षभर म्हणत होते. दुसऱ्या सकाळी तुझी चटई रिकामी दिसली, तेव्हा मला वाईट वाटलं ते तुझ्यासाठी नव्हतं. पाणवठ्यावर बायका काय म्हणतील, याचं होतं.

गेल्या कोरड्या दिवसांत उदेझेंचा मुलगा न्वोकोये किनाऱ्याकडून परत आला. चांगलं कमावून आला होता, शिकलेला, हसरा. बाप थकलाय, तो आहे तोवर पदवी घेतो म्हणाला आणि हौसेने आपल्या बाबांकडेच आला. चार वर्षांत आलेलं ते पहिलं बोलावणं. मी बाबांना म्हटलं, दिसत नाही तुम्हाला, धाकट्या काकांना करू द्या. ते म्हणाले, ‘माझी बोटं बघतात.’ आईने पिशवी लपवून ठेवली होती, ती त्यांनी चाचपून शोधून काढली. कानशिलाजवळची रेघ खोल गेली. नवव्या दिवशी ताप चढला. ह्यांनी मिशनच्या दवाखान्यातल्या माणसाला आणलं, पण जखम तोवर काळी पडली होती. एकोणिसाव्या दिवशी न्वोकोये गेला.

गाव निवाड्यासाठी मैदानात जमलं. बाबांचे जुने सोबती इबेझी आदल्या संध्याकाळी घरी येऊन पळवाट सुचवून गेले होते. ‘पोरगा हलला म्हण. शाळेत बसून मऊ झालेली पोरं ही, कोण नाही म्हणणार?’ मला वाटलं, बाबा तसंच म्हणतील. आयुष्यभर दुसरं काय म्हणत आले होते?

ते उठले आणि उदेझेंचा आवाज ज्या बाजूने आला होता तिकडे तोंड करून उभे राहिले. ‘तुझा मुलगा हलला नाही. दगडासारखा पडून होता. हात माझा हलला.’ एवढ्यावर बसायला हरकत नव्हती. पण ते उभेच. मग कुणी न विचारता म्हणाले, ‘माझ्या अनेनेच्या वेळीही माझाच हलला. आधी सुरी घसरली, पोर नंतर उठलं. मला त्याच क्षणी कळलं होतं.’ पायातला पदवीचा गोफ त्यांनी स्वतः सोडला आणि उदेझेंपुढे ठेवला. तेव्हा मागे बायकांतून आईचा आवाज आला, अगदी हळू. ‘मलाही कळलं होतं. पाय माझ्या मांडीवर होते.’

मैदानात कुणी कुणाकडे बघेना.

त्यानंतर घरी कुणी येत नाही. पोर गेल्याचा राग कमी आणि गोफ सोडल्याचा जास्त. इबेझी तर तोंडावर म्हणाले, ‘असल्या हाताने कोरलेली आमची कपाळं आता आम्ही कुठे न्यायची?’ मिशनवाल्यांनी बाबांचं उदाहरण घेऊन प्रवचन केलं, ते बाबांना त्याहून झोंबलं. महिनाभर आई-बाबा एकमेकांशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना बाबांनी विचारलं, तू इतकी वर्षं गप्प का होतीस. आई म्हणाली, ‘तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.’ आणि त्यांच्या ताटात मासा वाढला.

रोज सकाळी बाबा उदेझेंच्या शेतावर जातात, यामच्या वाफ्यांतलं तण चाचपून काढतात. उदेझे ‘या’ म्हणत नाहीत आणि ‘जा’ही म्हणत नाहीत. आई म्हणते, तणाबरोबर निम्मे यामही उपटतात, पण तो बिचारा मागून येऊन पुन्हा लावतो.

आता ज्यासाठी बसले ते. परवा बाबांनी मला एनुगूची लॉरी कुठून सुटते ते विचारलं. मी म्हटलं, अनेनेला बोलावून घेऊ. तर म्हणाले, ‘कुठल्या तोंडाने बोलावू? मीच जातो.’ तुला कळवायचं नाही असं बजावलंय. कळवलं तर तो मन घट्ट करून बसेल, जे वाटायचं ते त्याला दारात वाटू दे, म्हणतात. मी त्यांना चोरून लिहितेय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं निघू. तुझी तयारी नसेल तर शाळेच्या पत्त्यावर एक ओळ टाक. तुझी उत्तरेला बदली झाली असं मी त्यांना सांगेन, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवतील. तुला दोष देणार नाही, कधीच नाही. पण दार उघडणार असशील तर एवढं कर. आधी तू बोल. त्यांना चेहरे दिसत नाहीत, आणि ‘तू अनेने का?’ असं विचारायला त्यांची जीभ उचलणार नाही.

तुझीच,
एकेम्मा