एक नोट, सात देश आणि शांभवीचं स्थळ

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २००४

ती. शिवगंगाक्कास,
धाकट्या रुद्रय्याचा नमस्कार. संकेश्वरच्या थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील. इकडं तब्येती ठीक, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

तू धाडलेलं गडहिंग्लजचं स्थळ रविवारी येऊन गेलं. मुलगा संगमेश, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, दिसायला सालस (सालस माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो). चुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता मी विचारलं, सध्या काय चाललंय? पगार सांगेल असं वाटलं होतं, त्यानं युरोप काढला. तिकडं बारा देशांनी एकच नोट केली, तशी आपल्या सार्कच्या सात देशांनीही करावी म्हणाला. कापडदुकानात माझा जन्म खोट्या नोटा ओळखण्यात गेला (नेपाळची नोट मी बघितलेली नाही, पण तिचाही संशय आहेच). मी विचारलं, छापखाना कुणाच्या दारात ठेवणार? म्हणाला, मध्यवर्ती बँक असेल. मध्यवर्ती म्हणजे कुणाच्या मध्ये, असं विचारलं, तर त्यानं सुशीलाचा मोठा घास घेतला.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली आपली शांभवी दारातूनच म्हणाली, “आपल्याकडं दुष्काळ आणि श्रीलंकेत सुकाळ असला, तर व्याजदर कुणाच्या सोयीनं ठरवायचा?” तो म्हणाला, आधी व्यापार खुला करू, चलन वीस वर्षांनी. “एवढा अवकाश हाय, तर आत्ता कशाला भांडताय?” ही पोर बघायला आलेल्या मुलाला म्हणते. चहा निवला. मुलाचे वडील माझ्याकडं वाकून म्हणाले, “पावणं, आम्ही दोघा भावांनी गल्ला एक करून बघितला. सा म्हैनं टिकला न्हाय.” स्थळ मोडलं असं समजून आमची ही आत जाऊन डोळे पुसून आली.

आणि तो सालस मुलगा शांभवीला म्हणाला, “धारवाडच्या वादस्पर्धेत तू नेमकी उलट बाजू मांडली होतीस की.” चक्क ‘तू’ म्हणाला, आक्का. खोदून विचारल्यावर कळलं, दोन वर्षांची ओळख आहे, बघण्याचा कार्यक्रम फक्त आमच्यासाठी होता. आणि स्थळ धाडलंस तू. पोर दर सुट्टीला तुझ्याकडं का पळत होती, यावर आता मी नव्यानं विचार करतोय.

विचार करून कळवतो, असं मी कडक आवाजात सांगितलंय. तेव्हापासून पोरीचं जेवणावर लक्ष नाही. काल दुकानात आली, गिऱ्हाईक जाईस्तोवर थांबली आणि म्हणाली, “अप्पा, नोटंबद्दल तुमचं बरोबर हाय. माणसाबद्दल एकदा माझं ऐका.” मी कापडाची घडी घालत राहिलो.

तुझा,
रुद्रय्या

ता. क. : मिळेल त्या गाडीनं ये आणि चारचौघांत मला समजाव. तुझ्या शब्दाखातर तयार झालो, असं दिसलं पाहिजे.

आणखी ता. क. : फार वेळ समजावू नकोस. वैशाखातलं कार्यालय आज सकाळीच ठरवून आलोय.