सभागृहाभोवतीची तार

प्रिय आसावरी,

डोंबिवलीहून घोडबंदर रोडला टपालानं पत्र पाठवणारी मी बहुधा शेवटचीच बाई असेन. पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये हे मावणार नाही, म्हणून कागद घेतला.

स्वानंद गेल्यावर तुमचं दोघांचं इथलं घर सोडून तू नीलकडे, लेकाच्या घरी राहायला गेलीस. स्वानंदच्या स्मृतिव्याख्यानाचं निमंत्रण वाचनालयाकडून दर वर्षी येतं आणि दर वर्षी मी गुडघ्याचं निमित्त काढते. या वेळी ग्रंथपाल भगवान स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, यंदा यायचंच. आणि कानातलं यंत्र घालून यायचं." मला रागच आला. यंत्र कपाटात पडलंय हे यांना कुणी सांगितलं? ते घातलं की सगळंच मोठं होतं गं. पंखे, खुर्च्यांची खरखर, मागच्या रांगेतला खोकला. बोलणारा माणूस तेवढा हरवतो. आठवडाभर आधी माझा मुलगा संदेश मला ठाण्याला यंत्रवाल्या मॅडमकडे घेऊन गेला आणि त्यातला एक बंद असलेला प्रोग्रॅम चालू करून आणला, तरीही मला संशय आला नाही.

शनिवारी व्याख्यानाला गेले, तर सभागृहाच्या दारातच भगवाननी समजावलं. नवीन फरशीखालून सगळ्या सभागृहाला वेढा घालून तार नेली आहे. माइकमधला आवाज विजेच्या रूपात त्या तारेतून फिरतो, तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि माझ्या यंत्रातलं इवलंसं वेटोळं ते पकडून त्याचा पुन्हा आवाज करतं. पंखे, खोकला सगळं बाहेर. तीस वर्षं दहावीला मी फळ्यावर हेच वेटोळं काढलं, लोहकीस टाकून दाखवला. ते एक दिवस माझ्याच कानात बसेल असं कधी मनात आलं नव्हतं!

मी बटण दाबलं आणि एकदम शांतता. लोक चहाचे कप घेऊन गप्पा मारत होते, नुसती तोंडं हलताना दिसत होती. यंत्र बिघडलं समजून काढणार, तेवढ्यात अगदी डोक्याच्या मधोमध तुझा आवाज आला. "देवू, ऐकू येतंय? मान डोलवू नकोस, मान तू नेहमीच डोलवतेस. ऐकू आलं असेल तर हात वर कर."

मी वर पाहिलं. तू मंचावर माइक तोंडाशी धरून उभी. स्पीकर तू बंद ठेवायला लावले होतेस, त्यामुळे एकाही माणसानं मान वळवली नाही. मी हात वर केला. आणि मागच्या रांगेत गुणाजीरावांनीही केला! म्हणजे त्यांच्याही कानात यंत्र. तू हसलीस. ते हसू मला ऐकू आलं, त्याआधी घेतलेल्या श्वासासकट.

निघताना नीलनं मला बाजूला घेऊन, कानाशी येऊन सावकाश सगळं सांगितलं. संदेशच्या लग्नात तू मला विचारलं होतंस, "त्या दिवशी का हसलीस?" आणि मी म्हणाले होते, "हो हो, जेवून जा हं." त्या क्षणी तुला सगळं उमगलं, असं तो म्हणाला. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. वाचनालयाच्या मागे लागून स्वानंदच्या नावानं ही तार घालून घेतलीस.

आता मी सांगते. शोकसभेत लोक स्वानंदच्या गमती सांगत होते, सभागृह हसत होतं आणि मी चेहरे बघून त्यांच्यात हसत होते. शेवटी तू उठलीस. लांबून मला तुझे ओठ हसल्यासारखे दिसले. मी हसले. मोठ्यानं, एकटीच. तू माझ्याकडे पाहिलंस, ती नजर चार वर्षं माझ्यासमोरून हलली नाही. घरी आल्यावर संदेशनं सांगितलं, तू स्वानंदची शेवटची सकाळ सांगत होतीस. दुसऱ्या दिवशी येऊन 'मला ऐकू आलं नाही गं' एवढंच म्हणायचं होतं. पण बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा निर्दय ठरणं मला सोपं वाटलं. मला माफ कर.

आभार कसे मानू कळत नाही, म्हणून आणखी एक मागते. तू त्या दिवशी काय बोललीस, ते मला अजून माहीत नाही. एखाद्या दुपारी भगवानकडून किल्ली घेऊ. तू मंचावर बस, मी समोर बसते. स्वानंदची ती सकाळ मला सांगशील? पहिल्यापासून सांग, मला घाई नाही.

तुझीच,
देवू