निळ्या फुलांची माती

प्रिय दादा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देशील तर शपथ. बरं बाई, तुझंच खरं, म्हणशील आणि जेवायला बसशील. म्हणून हे लिहून आमच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. सकाळपासून प्रयोगशाळेत माझा पाय एका जागी ठरत नाहीये. चहा केला, तोही तसाच गार झाला.

आधी कामाचं. परसातला पालक आजपासून खायचा नाही. धुऊन नाही, शिजवून नाही, आणि वहिनीलाही द्यायचा नाही.

बाबा मागच्या खोलीत नटबोल्टांना कॅडमियमचा मुलामा द्यायचे आणि उरलेलं पाणी सरळ परसात ओतायचे. आई चरफडत त्यावर शेगडीतली राख टाकायची, वास मरावा म्हणून. त्या राखेनंच इतकी वर्षं तो धातू मातीत धरून ठेवला, हे तिला कधी कळलंही नाही. मातीत धातू किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातला मुळांच्या हाती किती लागतो हा दुसरा. मागे मी माती तपासली तेव्हा धातू भरपूर निघाला, पण मुळांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नव्हतं. म्हणून तू भाजी लावलीस तेव्हा मी निर्धास्त होते.

मग तुझा तो निळ्या फुलांचा फोटो आला. वहिनीची हायड्रेंजियाची झुडपं गुलाबीच फुलायची आणि तिला निळी फुलं हवी होती. झालं, बायकोनं शब्द टाकला की तू आकाशपाताळ एक करणार. कुणीतरी सांगितलं म्हणून गंधकाची पूड आणलीस, झुडपांना घातलीस आणि उरलेली पालकाच्या वाफ्यात लोटलीस. वाया कशाला घालवायची, आपल्या घरचं वळणच ते. फुलं सुरेख निळी झाली आणि इथे मी हातातलं काम टाकून उठले. गंधकानं माती आंबट होते, म्हणून तर ती फुलं निळी होतात, आणि त्याच आंबट मातीत हा धातू मोकळा सुटतो. रविवारी मी जुडी मागून नेली ती भाजी करायला नव्हे. जाताना वाफ्यातली मातीही पिशवीत भरून नेली, तुझी पाठ वळल्यावर.

मातीतला एकूण धातू होता तेवढाच आहे. मुळांना मिळणारा मात्र कितीतरी पटींनी वाढलाय आणि पानांत उतरलाय. माझंच काही चुकलं असावं म्हणून देव पाण्यात ठेवून पुन्हा तपासलं. तेच आलं.

मातीचं पाहता येईल. चुना घालू, वाफा उपटू, वहिनीची समजूत मी काढीन. पण हा धातू किडनीत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. दुसरा कुणी असता तर मी सूचना देऊन मोकळी झाले असते. तुझ्याकडे एकच उरली आहे दादा, दुसरी माझ्या पोटात आहे. ऑपरेशननंतर जपायला हवं म्हणून तू तो पालक रोज वाटीभर खातोस, हे आठवलं की मला बसवत नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन येतेय, तपासणीला जायचंय. मला किडनी देताना तू घरात कुणाचं ऐकलं नव्हतंस. उद्या मीही तुझं ऐकणार नाही.

तुझीच,
कटकटी