खोली तयार ठेवा

७ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा ताप उतरला आणि तुमच्या शाळेच्या छपराचं काम एकदाचं मार्गी लागलं, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्हीही ठीक. थंडी सुरू झाल्यापासून ह्यांच्या दम्यानं पुन्हा डोकं वर काढलंय, पण ते दरवर्षीचंच. मी अजून इस्पितळाच्या लाँड्रीतच आहे. दिवसभर परक्यांच्या चादरी, आणि संध्याकाळी आईकडे गेले की तिच्या. त्या चादरींचं पुढे लिहिते.

आधी समारंभाचं सांगते. बाबा पाळकपदावरून निवृत्त झाले म्हणून तू पाठवलेलं आभाराचं पत्र चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी उपासनेनंतर मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. रजेवर येणाऱ्या मिशनऱ्यांसाठी आपलं दार कधी बंद नसायचं. उष्ण देशांतून ते पातळ कपड्यांत कुडकुडत यायचे, म्हणून आईनं जिन्याखालच्या कपाटात कोट जमवले होते, पोरांच्या मापाचेसुद्धा. तुझे आईवडील तुला शाळेसाठी आमच्याकडे ठेवून बोटीनं मिशनवर परत गेले, त्या दिवशी तुला काय हवं-नको ते विचारायच्या आधी आईनं कोट चढवला होता. फक्त एक लिहायचं तू विसरलास. बाबांनी स्वतःसाठी कधी कोट घेतला नाही. जो कुणालाच बसत नसे तो त्यांचा. म्हणून तर त्यांच्या बाह्या जन्मभर मनगटाच्या वर राहिल्या.

पत्र ऐकताना मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. माझे कोरडेच राहिले, पण मला तू ओळखतोस. माझी खोली तुला दिली तेव्हापासून मी जरा कडकच आहे. 'घरमालकीण' म्हणून किती चिडवायचास मला!

बाबा समारंभाला नव्हते. हे तुला कुणी कळवलेलं दिसत नाही. मीही टाळलंच.

गेल्या वर्षीच्या शेवटच्या बाप्तिस्म्याला ते हौदाच्या पायऱ्यांवर पडले. आपण बॅप्टिस्ट, चार थेंब शिंपडून भागत नाही आपलं. एका दांडग्या सुताराला बाबांनी बुडी दिली, तो वर येताना घाबरला आणि त्यांच्या गळ्यातच पडला. सुतार तरला, बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. आई नेहमीसारखी हौदात ओतायला गरम पाण्याची किटली घेऊन काठावर उभी होती. 'पाणी गारच राहिलं हो,' एवढंच म्हणत राहिली. तिचं विसरणं आधीपासून होतं, त्या दिवसानंतर ते फारच वाढलं.

बाबा आता वृद्धाश्रमात आहेत, पुरुषांच्या इमारतीत. बायकांची इमारत बागेच्या पलीकडे. आईची जागा तिकडे ठरली आहे, पण ती अजून घरीच आहे. नवरा-बायकोला एकत्र राहायला तिथं खोली नाही. मी विचारलं, पुन्हा जाऊन विचारलं, शेवटी तिथल्या बाईच मला टाळायला लागल्या. घर मंडळीचं आहे, ते आपलं कधीच नव्हतं. महिनाअखेरीस नवे पाळक राहायला येतील. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तीत ह्यांचा पलंग, आणि जिना असा की मलाच मध्ये टेकावं लागतं.

आता तुझ्या त्या आभाराच्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल. 'उन्हाळ्यात रजेवर येतोय, माझी खोली तयार ठेवा.' तू प्रेमानं लिहिलंस, तुला काय ठाऊक! पण ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं आणि आईच्या डोक्यात तेवढंच राहिलं. सकाळी जेवली की नाही ते तिला संध्याकाळी सांगता येत नाही. पण रोज न चुकता ती वर जाते, पलंगावरची चादर काढते, धुतलेली घालते, खिडकी उघडून खोलीला वारा देते. मी वृद्धाश्रमाचा विषय काढला की म्हणते, "आणि तो आला म्हणजे? दारात उभं राहील का पोर?" पोराचे केस पिकले, हे तिला कोण सांगणार!

कुणाकडे काही मागायचं नाही, असं बाबांनी मला बजावलंय. "आपण केलं ते परत घेण्यासाठी केलं नव्हतं," म्हणाले. मी मागत नाही. तुमच्याही दोनच खोल्या, आणि पाणी लांबून आणायचं, मला माहीत आहे. तू एवढंच कर. आईला एक ओळ लिही, की मी येत नाही, खोली ठेवू नकोस. तुझ्या अक्षरात हवी. माझ्या तोंडून तिला ते पटत नाही. ती ओळ वाचली तर कदाचित ती घर सोडायला तयार होईल. तिच्याजवळ आता कुणाची तरी वाट बघणं तेवढं उरलंय, आणि तेच काढून घ्यायला मी तुला सांगते आहे. दुसरं काही सुचत नाही रे.

वहिनीला सलाम.

तुझी,
घरमालकीण (मंडळीची हरकत नसेल तर)


१९ मार्च

प्रिय दादास,
सलाम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वेळेवर आलं. सांगितल्याप्रमाणे एकच ओळ लिहिली होतीस. शेवटचं अक्षर फिसकटलंय ते कशानं, हे मी ओळखलं.

आईनं चष्मा लावून ती ओळ वाचली. कागदाची नीट घडी घातली. "जमत नसेल त्याला," म्हणाली. "दुसरं कोणीतरी येईल." आणि चादर घेऊन वर गेली. तू उगाच रडलास, दादा. मीही उगाच रडले.

मग नवे पाळक आले, ठरल्या दिवसाच्या आधीच. ते, त्यांची बायको, दोन मुलं, दारात ट्रंकांचा ढीग. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत आईला ओढून काढायची पाळी येणार. आवाज ऐकून ती बाहेर आली. ट्रंका बघितल्या, मुलांच्या अंगातले पातळ सदरे बघितले, आणि तिचा चेहरा असा खुलला, जसा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"आलात? बोट उशिरा लागली वाटतं!"

तिला ते मिशनरी वाटले. धाकट्याला तिनं जिन्याखाली नेऊन कोट घातला, वरचं बटण स्वतः लावलं. नव्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी नुसती मान हलवली. बाई समंजस आहेत. "हो आई, उशीरच झाला," म्हणाल्या.

"एवढ्या जणांना वरची खोली कशी पुरणार?" आई मला म्हणाली, आणि त्यांच्याकडे वळली. "तुम्ही सगळं घर घ्या. आम्ही जाऊ दुसरीकडे. अगदी संकोच करू नका."

पिशवी तिनंच भरली. बदलायचे कपडे, पवित्र शास्त्र, चष्म्याचं घर. मी आणखी काही घालायला लागले तर म्हणाली, "एवढं कशाला, थोड्या दिवसांचा तर प्रश्न." साखर कुठं, किटली कुठं, नळ कसा धरून फिरवायचा, सगळं बाईंना दाखवलं. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि माझा हात धरून निघाली. ज्या गोष्टीच्या धास्तीनं माझी झोप उडाली होती, ती तिनं पाहुणचार म्हणून करून टाकली. मी तिला खरं सांगितलं नाही. रस्ताभर ती खुशीत होती. पोरं गोड आहेत, म्हणाली, फक्त हाडकुळी.

वृद्धाश्रमात पोचल्यावर तिनं बाबांना शोधलं. ते बागेच्या पलीकडच्या इमारतीत आहेत, रविवारी भेटतील, असं मी सांगितलं.

"का? तिकडेही पाहुणे आलेत का?"

मी हो म्हणाले.

रविवारी दुपारी बाबांना व्हीलचेअरवरून बागेत आणतात. दोघं हात धरून बसतात. आई त्यांच्या बाह्या खाली ओढत राहते, त्या पुरत नाहीत. बाबांना सगळं समजतं, हेच वाईट आहे. वेळ संपली की तिथल्या मावशी खुर्ची वळवतात, आणि आई म्हणते, "थोडेच दिवस हो. पाहुणे गेले की जाऊ घरी." बाबा हो म्हणतात. जन्मभर ज्यांनी खोटं उच्चारलं नाही, ते आता दर रविवारी खोटं बोलतात. परवा ती आत गेल्यावर मला म्हणाले, "इतक्या लोकांना आपण जागा दिली गं. त्यांतल्या एखाद्याला..." खुर्चीच्या दांड्यावरचा त्यांचा हात धरून मी उभी राहिले.

आता तुझ्या दुसऱ्या पत्राबद्दल. कसंही करून रजा काढतो, येतो, आईच्या समोर बसून तिचे आभार मानतो, असं तू लिहिलंस. तू लिहिशील हे मला माहीत होतं. तू मनापासून लिहिलंस हेही माहीत आहे. पण येऊ नकोस, दादा. मी रागानं लिहीत नाही. खरं सांगायचं तर थोडं रागानंच लिहिते आहे, पण कारण ते नाही.

आईला तिथं खिडकीजवळचा पलंग मिळाला आहे. ती दिवसा त्यावर टेकतसुद्धा नाही. चादर ताणून, उशी थोपटून बाजूच्या खुर्चीवर बसून राहते, कोणी आलंच तर असावा म्हणून. मागच्या आठवड्यात शेजारच्या पलंगावरच्या म्हातारबाईंची मुलगी प्रवासातून थेट त्यांना भेटायला आली, हातात बॅग होती. आपली आई लगेच उठली. "दमून आलात, इथं निजा तुम्ही. मी जाते दुसरीकडे," म्हणाली, आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

मी लाँड्रीतून पोचले तेव्हा ती व्हरांड्यात पिशवी पोटाशी धरून उभी होती. कोणी आत न्यायला गेलं की, "पाहुणे आहेत," म्हणून मागे सरकत होती. मला बघून तिला हायसं वाटलं.

"बरं झालं आलीस," म्हणाली. "कुठं जायचं गं आपण?"

तू आलास तर ती तुलाही पलंग देईल.

तुझी बहीण