काचेचा फूटपाथ

४ एप्रिल

आई आज फूटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होती! ऑफिसच्या खिडकीतून मीच बघितलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी आणि शेजारून टेम्पो हॉर्न वाजवत चाललाय. जिना उतरून धावत गेले. "काय चाललंय तुझं?" तर मलाच वर — "अगं, माझी सावली पडते ना काचांवर! तूच सांगितलंस, सावली पडली की वीज कमी होते."

सांगितलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी, चांगला भाव खात. एका काचेवर सावली आली की तिच्या ओळीतल्या सगळ्याच मंदावतात, असं काय काय. समोर फोटोवाले होते, मग जीभ सैल सुटली. आई पहिल्या रांगेत होती. तिने ते वेदवाक्य मानलं.

आमच्या ऑफिसपासून दवाखान्यापर्यंतचा हा फूटपाथ. वर जाड काच, खाली सौर पॅनेल. कल्पना माझी. टोकाला एक मोठा बोर्ड, त्यावर लाल आकड्यांत "आज तयार झालेली वीज". आई रोज गुडघ्यांच्या व्यायामाला दवाखान्यात जाते, आणि जाताना बोर्डासमोर थांबून आकडा वाचते. मोठ्याने. अनोळखी माणसांना सांगते, हे माझ्या मुलीचं काम.

तिला म्हटलं, फूटपाथ चालण्यासाठीच असतो, आई. म्हणाली, "इतरांसाठी असेल."

७ एप्रिल

आकडा काही वर जात नाही.

कसा जाणार? काचा सपाट झोपलेल्या, ऊन तिरकं येतं. धूळ बसते. चपलांखालच्या वाळूने काचेवर ओरखडे पडून ती आंधळी झालीय. आणि ऐन उन्हाच्या वेळी दवाखान्याची रांग बरोबर तिच्यावर उभी! आजारी माणसांना काय सांगू, जरा बाजूला व्हा, वीज करतोय?

चहाला छप्परवाला भेटला. माझ्याच खोलीत बसणारा इंजिनिअर. सारखा छपरांबद्दल बोलतो म्हणून हे नाव मीच ठेवलं, आता सगळं ऑफिस तेच म्हणतं. "दवाखान्याचं अख्खं छप्पर रिकामं पडलंय बघा. तिथे रांग लागत नाही." चिडवून नाही बोलला. त्याला चिडवता येतच नाही, हाच तर त्रास आहे. मी म्हटलं, छपरांवर पॅनेल काय, कुणीही घालतं. तो हसला. मीही हसले. चहा तसाच ठेवून उठले.

आणखी एक गोष्ट आहे. ती नाही लिहिणार. इथेसुद्धा नाही.

११ एप्रिल

मोठ्या साहेबांनी बोलावलं. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या अध्यक्षबाई पाहणीला येणार. आकडा पसंत पडला तर असाच फूटपाथ थेट शाळेपर्यंत. दवाखान्याच्या छपरासाठी जे काही पैसे राखून ठेवलेत, ते सगळे इकडे वळणार. "तेवढा आकडा सांभाळा," म्हणाले.

सांभाळा — एवढंच म्हणाले. दोरी बांधायचं मी सुचवलं. देखभालीच्या नावाखाली आठवडाभर बंद ठेवू, काचा घासून घेऊ, कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. साहेब खूश. "डोकं आहे तुम्हाला!"

आहे खरं. कुठे वापरते ते बघ.

१२ एप्रिल

दोरी बांधली. संध्याकाळी आकडा जवळजवळ दुप्पट! मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. टाळी वाजवली मी, एकटीने.

मग खिडकीतून खाली पाहिलं. सगळा दवाखाना रस्त्याच्या कडेने चाललेला. एक पोटुशी बाई, एक काठीवाले आजोबा, कडेवर लेकरं घेतलेल्या आया. त्यांना खेटून गाड्या. आणि मधोमध माझा फूटपाथ — चकचकीत, रिकामा.

खिडकी लावून घेतली.

१४ एप्रिल

दोरी अजून आहे. मी पुढच्या जिन्याने न जाता मागच्या दाराने ये-जा करते.

१७ एप्रिल

पाहणी झाली.

अध्यक्षबाई बोर्डासमोर उभ्या. "अरे वा, छान आहे की आकडा!" साहेबांची छाती फुगलेली. छप्परवालाही होता. मी मनाशी ठरवून गेले होते, की सांगायचं. दोरीचं सांगायचं, सगळं सांगायचं. तोंडही उघडलं.

आणि काय सांगितलं? "लोक चालत असतात तेव्हा एवढा येत नाही, बाई."

बस. एवढंच. आकडा लबाडीचा आहे असं नाही म्हटलं. कल्पनाच फसली असं तर नाहीच नाही. खापर फोडलं लोकांच्या पायांवर!

अध्यक्षबाईंनी क्षणभर विचार केला. त्या वाईट नाहीत, त्यांना कळत नाही एवढंच. कळायला कुणी सांगावं लागतं. म्हणाल्या, "मग लोकांना चालू देताच कशाला? पक्कं कुंपण घाला की." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब पुढे होऊन म्हणाले, "मूळ सूचना आमच्या बाईंचीच हो!"

मी हसले. फोटोत असेल ते हसू. छप्परवाला बुटाची नाडी बांधत बसला होता, आधीच बांधलेली. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पण धरणीवरही काच घालून ठेवलीय मीच.

२२ एप्रिल

लोखंडी कुंपण उभं राहिलं. कमरेएवढं. फूटपाथवर चालायला मनाई!

आईला सुख झालंय. "आता कसं नीट झालं. मेले ऐकतच नव्हते कुणी." ती आता दवाखान्याच्या दारात उभी राहून बायकांना शिस्त लावते — कडेने चला, रेलू नका, सावली पडते. तिकडची नर्स मला म्हणाली, "तुमच्या आईंना पगार द्या." हसून म्हणाली. मी कानकोंडी झाले.

काय करू? घरी सांगावं तर आईचं तोंड समोर येतं. ऑफिसात सांगावं तर माझं स्वतःचं.

२६ एप्रिल

आईला स्कूटरने धडक दिली.

कुंपणाला लागून चालत होती. समोरून बस आली, स्कूटरवाला आत दबला, आईला सरकायला जागा नाही. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला माझं कुंपण. मनगट मोडलंय, कपाळाला टाके. मी पोचले तेव्हा ती स्टुलावर बसून त्या स्कूटरवाल्याचीच समजूत काढत होती. रडत होता बिचारा.

आणि मग डॉक्टरांना म्हणाली — शब्दन्‌ शब्द कानात आहे — "याची काही चूक नाही हो. फूटपाथवर जायचं नसतं ना तिथे, माझ्या मुलीचं काम चालतं. मीच जरा जास्त आत राहायला हवं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रोज खिडकीतून तेच कुंपण बघत असतील.

लाज वाटते. दुसरा शब्दच नाही माझ्याकडे. मोडलेला हात तिचा, आणि ती माझ्यासाठी माफी मागते.

२७ एप्रिल

छप्परवाला घरी आला. आईसाठी संत्री, मासिकं. तासभर बसला, तिला विनोद सांगितले, तेही वाईट. छपराचा एक शब्द काढला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दारात म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." तर म्हणे, "ते मला सांगून काय उपयोग?"

रागाने दार आपटलं. मग दाराआड उभी राहिले.

२८ एप्रिल

उद्या सभा. शाळेपर्यंतच्या फूटपाथला मंजुरी. म्हणजे शाळेपर्यंत कुंपण. म्हणजे पोरं रस्त्यावर.



२९ एप्रिल

बोलले.

साहेबांनी मला "दोन शब्द" सांगायला उभं केलं होतं. म्हटलं, पाहणीचा आकडा दोरी बांधून, काचा घासून आणलेला आहे. माणसं चालू दिली तर तो निम्म्यावर येतो, आणि माणसं चालू द्यायची नसतील तर त्याला फूटपाथ म्हणायचं कशाला? हेच पॅनेल छपरावर तिरके ठेवले तर कितीतरी जास्त देतील, आणि त्यांच्यावर कुणी थुंकणारही नाही.

आणि मग ते सांगितलं, जे इथेही लिहिलं नव्हतं. "हा फूटपाथ दिवसभरात जेवढी वीज देतो, तेवढी तो आकडा दाखवणाऱ्या बोर्डालाही पुरत नाही. बोर्ड आपण खांबावरच्या विजेवर चालवतो. मला हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

आधी हसले सगळे. मोठ्याने. मग हळूहळू हसणं थांबलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

मंजुरी बारगळली. कुंपण उद्या निघेल. माझी चौकशी होईल, आणि व्हायलाच हवी. साहेब माझ्याकडे न बघता निघून गेले. छपराचा विषय कुणी काढला नाही, छप्परवाल्यानेसुद्धा नाही.

३० एप्रिल

आईला सगळं सांगितलं. बोर्डाचंसुद्धा. मला वाटलं, ओरडेल, निदान रडेल. ती प्लास्टरमधल्या बोटांकडे बघत बसली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे मी उगाचच पडले?"

"हो, आई."