वॉल्टरबाबांची बरणी

१२ एप्रिल २००४
जर्सी सिटीच्या दुकानातून पार्सल आलं. नारळ तीन, कापूर, हळकुंडं, गुळाची ढेप — अकरा डॉलर. टपालखर्च चौदा! त्यातून एक नारळ तडकलेला. देवा, या डोंगरात तुझी पूजा महागच पडते रे.

१४ एप्रिल
बरणीत रव्याचे लाडू भरत होते. खालच्या वळणावरच्या वॉल्टरबाबांची बरणी — सफरचंदाचा मुरंबा दिला होता त्यांनी, नात अनिकानं चार दिवसांत चाटूनपुसून संपवला. म्हातारा एकटाच. बायको गेली, तिला परसातल्या सफरचंदाखाली पुरलंय. माझा शैलेंद्र नव्या हायवेची मोजणी करायला आला तेव्हा सगळ्यांनी फाटकं लावून घेतली. बाबांनी तेवढं उघडलं.

शैलेंद्र कडाडला — "आई, ज्यांची जमीन मोजतोय त्यांना काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. रूल आहे! बरणी तशीच परत कर."
"रिकामी?"
"हो, रिकामी!"
रिकामं भांडं शेजाऱ्याला द्यायचं? सासूबाई निदान चिमूटभर साखर तरी घालत.

१५ एप्रिल
खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलला. हायवेला डोंगरातून दोन वाटा होत्या. वरची कड्याखालून — दरडी कोसळतात. खालची खिंडीतून, थेट बाबांच्या सफरचंदावरून. खालची ठरली.
"नकाशा पंधरा दिवसांनी जाहीर होईल. तोवर तू बोललीस ना, तर माझी नोकरी गेली म्हणून समज."
ज्यानं फाटक उघडलं, त्याच्याच परसात!

१६ एप्रिल
जपात मन नाही. बरणी ओट्यावरून बघते माझ्याकडे.

१९ एप्रिल
शैलेंद्रला म्हटलं, तू स्वतः जा, सांग. "नाही जमत गं." वर बघेना. उद्या मीच जाणार. काय बोलणार, ठाऊक नाही. मुलाचं अन्न तोडू, की म्हाताऱ्याचा विश्वास?

२० एप्रिल
लाडू काढून बरणीत चिमूटभर साखर घालून गेले. अनिका बरोबर, दुभाषी म्हणून. झाडाच्या फांदीला मोजणीवाल्यांची गुलाबी फीत! माझ्या डोळ्यांना धार लागली, नुसती बरणी पुढे केली. बाबांनीच माझा हात धरला, बोलत राहिले. अनिका सांगू लागली —
"आजी, त्यांना सगळं माहितीये! फीत रोज बघतात ते. गेट रोडसाठीच ओपन केलं. त्यांची वाइफ ॲम्ब्युलन्समध्ये होती, जुन्या घाटात स्नोमध्ये अडकली, तिथेच गेली. हॉस्पिटल डोंगराच्या पलीकडेच होतं, आजी. ते म्हणतात, तिला हलवा, पण रोड करा."
साखर त्यांनी जिभेवर ठेवली.

२१ एप्रिल
दुकानाला कार्ड टाकलं — नारळ आणखी दोन. एक त्या माउलीला हलवतील त्या दिवशी, एक पहिली कुदळ पडेल तेव्हा बाबांच्या हातानं फोडायला. टपालखर्च लागेल तो लागो. कार्डाखाली लिहिलं — न तडकलेले पाठवाल ना? उलट टपाली कळवा.