साहेबांचा रस्ता

पासो गार्सास,
१२ ऑगस्ट

प्रिय बाबा,

खूप खूप प्रेम. गुडघे काय म्हणतात? मोंतेविदेओत समुद्रावरचा गार वारा असेल, दादा काहीही म्हणाला तरी मफलरशिवाय निघू नका. इकडे मांजरं मजेत आहेत, आणि तुमच्या लेकीला सध्या स्वर्ग दोन बोटं उरलाय.

आधी बढाई मारून घेते. आपल्या नगरपालिकेत एका विभागाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला, हे तुम्ही जन्मभर पाहिलंत. मी आरोग्यवाली. खोकणाऱ्या पोरांना औषधाचा फवारा द्यायचा आणि पुन्हा त्याच धुरात शाळेला धाडायचं. धूर कोणाचा? रस्तेवाल्यांचा. ट्रक? वाहतूकवाल्यांचे. शेवटी मी सगळ्यांना दर गुरुवारी एका टेबलाशी बसवलं.

जो तो नळीने ओढायच्या कडू ‘माते’ चहाचा आपापला पेला आणि गरम पाण्याचा आपापला थर्मास घेऊन आला. साथीत एका नळीने पिऊ नका म्हणून तंबी आम्हीच दिली होती, बोलणार कोणाला? मग मी थर्मास तेवढे काढून घेतले. पेले ज्याचे त्याचे, पाणी एकाच किटलीतलं, आणि ते संपेपर्यंत बैठक. रस्ते विभागाचा एल्बिओ, तुमच्याच हाताखाली तयार झालेला, पहिल्याच फेरीला “आभारी आहे” म्हणाला. ‘माते’च्या फेरीत आभार मानले, म्हणजे मला आता नको, माणूस फेरीतून उठला.

“निबिया, तू नर्स आहेस, सुया टोच. रस्ते मला शिकवू नकोस.”

“रस्ते तूच कर. करताना फक्त विचार, याने आजारी कोण पडणार?”

मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला शाळा सुटताना फाटकाशी उभं केलं. ट्रकच्या रांगेतून पोरं कशी पळतात ते बघून आला आणि मुकाट्याने पेला पुढे केला.

आता नवा बाजार असो की बसथांबा, आधी सगळ्या विभागांनी मिळून आरोग्याचा विचार करायचा, असा ठराव झालाय. माझ्या टेबलाने केलाय, बाबा. मला अभिमान वाटतो आणि तो मी झाकणार नाही.

हवा झाली, मांजरं झाली, बढाई झाली. आता टाळून चालत नाही. पहिलं काम तुमच्या रस्त्याचं आहे. ट्रक गावाबाहेरून जाणार. तुम्ही रुंद केलेला रस्ता निम्मा करून कडेला पायवाट आणि झाडं येणार. सगळे तयार आहेत, एल्बिओ अडून बसलाय. “साहेबांना विचार. ते नको म्हणाले तर त्या रस्त्याला माझ्या हातून कुदळ लागणार नाही.”

तुम्ही नाही म्हणालात तर टेबल मोडेल. तरी मनात असेल तेच लिहा. सगळा गाव त्याला साहेबांचा रस्ता म्हणतो, आणि तो मोडायला मीच निघावं, याचं मला फार वाईट वाटतं.

भीत भीत, पण मागे न हटणारी,
तुमची निबिया

•

मोंतेविदेओ,
२० ऑगस्ट

निबिया बाळ,

गुडघे आहेत तसेच. तुझं पत्र आल्यावर मी रेडिओ मोठ्याने लावून बसलो. तुझ्या दादाला वाटलं, म्हातारा बहिरा झाला. राग आला होता. मग मनाला विचारलं, रस्ता रुंद केला कशाला? गावाचं भलं व्हावं म्हणून. तेव्हा त्यासाठी ट्रक यायला हवे होते, आता जायला हवेत. एवढं समजायला इंजिनियर लागत नाही. बाप असल्यामुळे वेळ लागला.

एल्बिओला फोन केला. “साहेब, खरंच?” म्हणत रडायला लागला. गाढव कुठला. मुळं पायवाट उचकटतील अशी झाडं लावू नका म्हणावं.

इथे चौकातल्या म्हाताऱ्यांना आजवर सांगायचो, तो रस्ता मी बांधला. आता सांगतो, तो मोडणारी माझी मुलगी आहे. हल्ली ते जास्त वेळ ऐकतात.

काम सुरू होईल त्या दिवशी मी येतोय. पहिली कुदळ माझी. दुसऱ्या कोणी मारली तर खबरदार.

निबियाचा बाप,
अमिल्कार